गोळ्या संपल्या, नख मात्र तसंच: नखाच्या बुरशीबद्दल

प्रश्न असा आला आहे. वय ४६. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख तीन वर्षांपासून पिवळं आणि जाड आहे, खालून पांढरट भुसा निघतो. शेजारच्या बोटाचं नखही आता कडेने पिवळं पडायला लागलंय. आधी वर्षभर गजकर्णावरची ट्यूब लावून झाली. मग डॉक्टरांनी टर्बिनाफिन हे बुरशी मारणारं औषध दिलं, रोज एक गोळी, तीन महिने. नखाची तपासणी काही झाली नाही. कोर्स संपून दोन महिने झालेत आणि 'नख आहे तसंच आहे, फक्त मुळाशी जरासं गुलाबी दिसतं'. आता कुणी लेझर सुचवतं, कुणी व्हिनेगर, कुणी नखच काढून टाका म्हणतं. पुन्हा गोळ्या घ्यायच्या तर लिव्हरची धास्ती. घरात वडिलांना डायबेटिस आहे आणि नेलकटर सगळ्यांत मिळून एकच.

'फक्त' म्हणून जे तुम्ही बाजूला सारलंत, मी तिथेच थांबलो. मुळाशी गुलाबी दिसतंय, ही या अख्ख्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

नख ही मेलेली वस्तू आहे. जिवंत असतं ते त्याचं मूळ, कातडीच्या घडीखाली दडलेलं. तिथे नख तयार होतं आणि हळूहळू पुढे सरकत राहतं. बुरशीने पोखरलेला, जाड झालेला, पिवळा पडलेला भाग जगातल्या कुठल्याही औषधाने पुन्हा गुलाबी होत नाही. औषधाचं काम बुरशी मारण्यापुरतं. खराब झालेलं नख मागून येणारं नवं नख ढकलत ढकलत टोकाशी नेतं आणि तिथे तुम्ही ते कापून टाकता. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम दीड. पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत बदलायला १२ ते १८ महिने लागतात.

आता तुमचा हिशेब मांडू. पहिली गोळी घेतल्याला पाच महिने झाले. महिन्याला दीड म्हणजे साडेसात मिलिमीटर. वय वाढलं की नखाची वाढ मंदावते, आजारी नख तर आणखीच रेंगाळतं, म्हणून पाच-सहा धरा. म्हणजे औषध अगदी शंभर टक्के लागू पडलं असतं तरी आज तुमच्या नखाचा पुढचा मोठा भाग पिवळाच दिसला असता. कोर्स संपला त्या दिवशी तर फरक डोळ्यांत भरण्याचं काही कारणच नव्हतं. पेशंटला हे आधी सांगायला हवं असतं. आम्ही डॉक्टर गर्दीत ते विसरतो आणि मग माणूस औषधाला नावं ठेवत दुसरीकडे जातो. शिवाय टर्बिनाफिन गोळी बंद केल्यावर लगेच नाहीसं होत नाही, नखात ते पुढे कित्येक महिने टिकून राहतं. कोर्स तीन महिन्यांत संपतो तो याच भरवशावर.

तेव्हा आधी एक काम करा. नेलकटरला असते ती कानस घ्या. गुलाबी भाग जिथे संपतो आणि पिवळा जिथे सुरू होतो, बरोबर त्या हद्दीवर नखाला आडवी बारीक रेघ पाडा. खोल नको, बोट फिरवलं की खरखर जाणवेल एवढीच. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. महिन्याने पुन्हा, त्याच उजेडात, त्याच कोनातून. रेघ नखावरच कोरलेली असल्यामुळे ती नखाबरोबर पुढे सरकेल. पाहायचं ते एवढंच की पिवळेपणा रेघेच्या पुढच्या बाजूलाच राहतो, की रेघ ओलांडून मुळाकडे येतो. पुढेच राहिला तर उपचार चालू आहेत, गोळ्या बंद असल्या तरी. मागे आला तर बुरशी जिवंत आहे. ही रेघ इतकी साधी आहे की लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही, पण दोन फोटो शेजारी ठेवले की वाद मिटतो. झिजून पुसट झाली तर पुन्हा गिरवा.

आता तपासणीकडे. ती झाली नाही ही मला खटकणारी बाब आहे. बिघडलेल्या नखांपैकी निम्म्याच्या आसपास नखांतच बुरशी असते, उरलेल्या निम्म्यांना दुसरं काहीतरी झालेलं असतं. नुसतं पाहून ओळखता येतं असा भ्रम मलाही बरीच वर्षं होता. एका बाईंना मी दोन्ही हातांच्या नखांसाठी बुरशीच्या गोळ्या दिल्या. नखं उचललेली, पिवळसर, खाली भुसा. फरक पडेना म्हणून मुदत वाढवली. कितव्या तरी भेटीत त्या बोलता बोलता कानामागे खाजवत होत्या, म्हणून केस बाजूला केले, तर तिथे सोरायसिसचा चांगला रुपयाएवढा चट्टा. नखांवर सुई टोचल्यासारखे खळगे होते, तेही मी आधी नीट पाहिले नव्हते. बुरशी नव्हतीच. तेव्हापासून तपासल्याशिवाय गोळी नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला.

सोरायसिस हा सर्वांत मोठा बहुरूपी. खळगे, नखाखाली तेलाच्या थेंबासारखा तांबूस डाग, एकदम बरीच नखं बिघडणं, कोपर-गुडघे-डोक्यात खवले, बोटांचे सांधे दुखणं, असं काही असेल तर तिकडे वळायचं. लायकेन प्लॅनस या त्वचारोगात नख पातळ होतं, उभ्या रेघा पडतात. घट्ट बुटांत रोज पळणाऱ्या माणसाचं नख बोटापासून सुटतं, पण खाली भुसा नसतो, स्वच्छ पोकळी असते, आणि बहुधा दोन्ही पायांना सारखंच असतं. हिरवट-काळपट नख हे स्यूडोमोनस नावाच्या बॅक्टेरियाचं काम. व्हिनेगरचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो, पाण्यात मिसळलेलं सौम्य व्हिनेगर उपयोगी पडतं ते या हिरव्या नखात. बुरशीच्या पिवळ्या नखात त्याचा भरवसा धरण्याजोगा पुरावा नाही, आणि तीव्र व्हिनेगरने किंवा ठेचलेल्या लसणाने कातडी भाजून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. नखात उभी काळी किंवा तपकिरी रेघ असेल, एकाच बोटाला असेल, रुंद होत चालली असेल, किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर बुरशी-बिरशी विसरून आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नखाखालचा मेलॅनोमा हा कॅन्सर असाच सुरू होतो. सावळ्या माणसांच्या अनेक नखांत बारीक तपकिरी रेघा जन्मभर निरुपद्रवी राहतात, हे खरं. म्हणून घाबरू नका, पण एकट्या, बदलत्या रेघेला 'बुरशी असेल' म्हणून लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखं लावायचं औषध, लावत बसू नका.

तपासणी कशी होते ते सांगतो, म्हणजे नमुना चुकीचा घेतला जातोय का हे तुम्हाला कळेल. नखाचं टोक कापून पाठवलं तर त्यात बहुतेक मेलेली बुरशी आणि धूळ असते. ताजी बुरशी असते आत, निरोगी नखाच्या हद्दीपाशी. त्यामुळे सुटलेलं नख आधी मागपर्यंत कापायचं आणि मग त्या खोल भागातला भुसा बोथट पात्याने खरवडून घ्यायचा. दुखत नाही, गुदगुल्या होतात. तो भुसा काचपट्टीवर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात. त्यात नख ज्याचं बनलेलं असतं ते केराटिन नावाचं प्रथिन विरघळतं आणि बुरशीच्या फांद्या फुटलेल्या, मधूनमधून पेरं असलेल्या तंतूंचं जाळं सूक्ष्मदर्शकाखाली उघडं पडतं. याला केओएच म्हणतात. स्वस्त, झटपट, पण पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. कल्चरमध्ये बुरशी वाढवून तिची जात ओळखता येते, त्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि बुरशी असूनही ती न उगवण्याचं प्रमाण मोठं आहे. कापलेला नखाचा तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवून पीएएस नावाचा रंग देऊन पाहिला तर बुरशी निसटण्याची शक्यता बरीच कमी होते. काही ठिकाणी आता बुरशीचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणीही होते. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे बुरशी नाहीच असं नव्हे. संशय दाट असेल तर नमुना पुन्हा घ्यायचा. तुम्ही नुकत्याच गोळ्या घेतल्या आहेत, औषध अजून नखात आहे, त्यामुळे आज केलेलं कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं हेही लक्षात असू द्या.

गुन्हेगार बहुतेक वेळा ट्रायकोफायटन रुब्रम नावाची बुरशी असते. पायांच्या बेचक्यांतल्या चिखल्या आणि तळव्याचं कोरडं, पिठासारखं साल निघणं हेही तिचंच. किंबहुना सुरुवात तिथूनच होते: आधी तळवा, मग बेचकी, मग नखाच्या पुढच्या टोकाखालून किंवा कडेने शिरकाव, आणि मग मुळाकडे वाटचाल. म्हणून माझी खात्री आहे की तुमच्या करंगळीजवळची बेचकी पाहिली तर ओलसर पांढरी कातडी सापडेल. प्रश्नात तिचा उल्लेख नाही, कारण लोक तिला आजारच मानत नाहीत. नख बरं करून चिखल्या तशाच ठेवणं म्हणजे घर झाडून केर उंबरठ्यात ठेवणं.

सतत पाण्यात हात असणाऱ्यांच्या हाताच्या नखांत कँडिडा ही वेगळ्या जातीची बुरशी सापडते. तिथे नखाभोवतीची कातडी सुजते, नखुरड्यासारखी ठणकते, आणि मूळ इलाज हात कोरडे ठेवणं हाच. त्यात टर्बिनाफिन फारसं चालत नाही, इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची दुसरी औषधं लागतात. जात कळण्याचा फायदा तो हा.

ट्यूब वर्षभर का फुकट गेली? क्रीम कातडीसाठी बनवलेलं असतं. नख म्हणजे केराटिनच्या एकावर एक दाबलेल्या थरांची फळी, तुमच्या बाबतीत दुप्पट जाड झालेली. त्यातून क्रीम पार होत नाही. नखासाठी वेगळी लॅकरं असतात, नेलपॉलिशसारखी लावायची: अमोरोल्फिन ५ टक्के आठवड्यातून एक-दोनदा, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. इफिनाकोनॅझोल १० टक्के हे नवं द्रावण आहे, तेही रोज, ४८ आठवडे. चाचण्यांत त्याने नख पूर्ण निखळ होण्याचं आणि बुरशीही जाण्याचं प्रमाण १५ ते १८ टक्के निघालं, सायक्लोपिरॉक्सचं तर एकआकडी. हे आकडे निराश करणारे आहेत, तरी लॅकरला जागा आहे: नखाचा निम्म्याहून कमी भाग बिघडलेला, मूळ शाबूत, एक-दोनच नखं, किंवा गोळ्या चालत नाहीत असा पेशंट. नखाच्या पृष्ठभागावर खडूसारखे पांढरे ठिपके असलेला जो प्रकार असतो, तो तर खरवडून लॅकर लावल्यानेच बरा होतो.

गोळ्यांत टर्बिनाफिन अजूनही पहिलं. मोठ्या माणसाला रोज २५० मिलिग्रॅम, हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातले पायाच्या नखांचे आकडे पाहा: तपासणीत बुरशी नाहीशी झाली ७० टक्क्यांत, पण नख शंभर टक्के देखणं झालं ३८ टक्क्यांत. इट्राकोनॅझोलचे तेच आकडे ५४ आणि १४. म्हणजे बुरशी मेल्यावरही बऱ्याच जणांचं नख थोडं जाड, थोडं वाकडं राहतं. वर्षानुवर्षं दाबली गेलेली नखाखालची गादीच बदललेली असते. हे आधी माहीत असलं की पुढचे चार डॉक्टर वाचतात.

लिव्हरचं म्हणाल तर धास्ती अगदीच निराधार नाही, पण तिचं माप चुकलंय. टर्बिनाफिनमुळे लिव्हरला गंभीर इजा साधारण ५०,००० ते १,२०,००० प्रिस्क्रिप्शनांमागे एखाद्याला होते. सुरू करण्याआधी रक्ताची लिव्हरची तपासणी करायची, आधीपासून लिव्हरचा आजार असेल तर हे औषध द्यायचं नाही. मधल्या काळात भूक मेली, मळमळ, लघवी गडद, डोळे पिवळे, अंगभर खाज असं काही झालं तर त्याच दिवशी गोळी बंद आणि डॉक्टरकडे. लिव्हरपेक्षा जास्त वेळा मी ऐकलेली तक्रार म्हणजे तोंडाची चव जाणं. बहुतेकांची काही आठवड्या-महिन्यांत परत येते, पण ज्याचा धंदाच चवीवर चालतो त्याला हे आधी सांगायलाच हवं. काही नैराश्याच्या गोळ्या, मेटोप्रोलॉल, टॅमॉक्सिफेन यांच्याशी ते गडबड करतं, तेव्हा चालू औषधांची यादी दाखवा.

इट्राकोनॅझोल महिन्यातला एक आठवडा, दिवसाला ४०० मिलिग्रॅम, अशा तऱ्हेने पायाला तीन आणि हाताला दोन फेऱ्यांत देता येतं. कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यावी लागते, ॲसिडिटीच्या गोळ्यांसोबत ती नीट शोषली जात नाही. हार्ट फेल्युअर असलेल्यांना नखांसाठी ती द्यायची नाही. सिमव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबरोबर तर मुळीच नाही. फ्लुकोनॅझोल आठवड्यातून एकदा, पण महिनोन् महिने. केटोकोनॅझोलच्या पोटात घ्यायच्या गोळ्या नखासाठी कुणी दिल्या तर नम्रपणे नाही म्हणा, लिव्हरची खरी भीती त्या गोळीत आहे.

लेझर. अमेरिकेत त्याला परवानगी आहे ती 'स्वच्छ नखाचा भाग तात्पुरता वाढवणे' एवढ्या शब्दांत, बुरशी बरी करण्यासाठी नाही. हा तात्पुरता शब्द जाहिरातीत दिसत नाही. मी सुचवत नाही.

नख उपटून काढणं हाही जुना हट्ट. उपटलं तरी मुळातली बुरशी जात नाही, आणि नवं नख वेडंवाकडं किंवा बाजूच्या मांसात घुसत येऊ शकतं. त्याऐवजी जाड नख झिजवायचं. ४० टक्के युरियाचं मलम फक्त नखावर लावून, भोवतीच्या कातडीला चिकटपट्टीने जपून, झाकून ठेवलं की काही दिवसांत आजारी नख लोण्यासारखं मऊ पडतं आणि खरवडून निघतं. तुमच्या नखात पिवळट-पांढरी उभी पट्टी किंवा गोळा दिसतो का ते नीट पाहा. तिथे बुरशीचा घट्ट गठ्ठा बसलेला असतो, गोळीचं औषध त्यात पोचत नाही. नख पुढे सरकतं पण पट्टी मागे मुळाकडे तशीच राहते, असं दिसलं तर तेवढा भाग खरवडून काढल्याशिवाय दुसरा कोर्सही वाया जाईल. नुसत्या गोळ्या हरतात त्याचं हे एक नेहमीचं आणि हमखास दुर्लक्षित कारण.

वडिलांचं आज संध्याकाळीच बघा. त्यांचे पाय उजेडात धरून बेचक्या, नखांच्या कडा, टाचांच्या भेगा तपासा. डायबेटिसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. मग जाड नख बुटात दाबून खाली जखम करतं ते कळत नाही, आणि चिखल्यांच्या भेगेतून जंतू शिरून पाय सुजतो. तुमच्या नखाचा प्रश्न दिसण्याचा असेल, त्यांच्यासाठी तो पाय जपण्याचा आहे. त्यांची नखं जाड असतील तर घरी कापायचा प्रयत्न करू नका.

नेलकटर दोन घ्या, किंवा निदान आजारी नखासाठी वेगळा ठेवा. आजारी नख सर्वांत शेवटी कापा. बेचक्यांतल्या चिखल्यांना तुमची ती जुनी ट्यूब, टर्बिनाफिनची असेल तर, इथे खरोखर कामाची आहे. पण तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं नाही हे नाव वाचून खात्री करा, मिश्र ट्यूब असेल तर फेकून द्या. मोजे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. एकच बूट रोज घालू नका, एक दिवस वाळू द्या. तीन वर्षं घातलेले बूट असतील तर त्यांचा मोह सोडा. बरं झाल्यावरही चारातल्या एकाला हा आजार परत गाठतो, म्हणून नख स्वच्छ झालं की मी पुढे आठवड्यातून एकदा लॅकर चालू ठेवायला सांगतो.

तुमच्यापुरतं माझं मत असं की आज नवा कोर्स सुरू करू नका. रेघ पाडा, चिखल्या बघा, जाड भाग झिजवून घ्या, दोन-तीन महिने फोटो काढा. गुलाबी भाग वाढत असेल तर गोळीची गरज नाही, लॅकर पुरे. पिवळेपणा रेघेच्या मागे आला, किंवा शेजारच्या नखात पुढे पसरत राहिला, तर नमुना द्या, केओएच आणि पीएएस दोन्ही करा, आणि रिपोर्ट हातात घेऊनच दुसरा कोर्स ठरवा. जाताना सगळे फोटो तारखांसकट घेऊन जा, आणि त्या दिवशी नखाला नेलपॉलिश नको.